चांदणीचा भोंगा

"एक भोंगा चोरीला गेलाय," पूर्णिमा देवस्थळी म्हणाली. आपण काय विचित्र वाक्य बोललो हे तिचं तिलाच जाणवलं असावं, कारण ती खुर्चीत जरा मागे सरकली.

बाळ मोघ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कर्वेनगरातल्या या दोन खोल्यांच्या कचेरीत बहुतेक लोक होणाऱ्या जावयाची चौकशी करायला येत. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मोघे इथे फायली लावायला म्हणून आले आणि हळूहळू तपासालाही बरोबर जाऊ लागले. तपास मात्र सत्यशीला ओव्हाळ करत. बोटांच्या ठशांच्या सरकारी खात्यात त्यांची सारी नोकरी झाली होती. त्या स्वतः कमी बोलत आणि समोरच्याला बोलू देत.

"पोलिसांकडे गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"गेले होते. पितळ वजनावर किती भरेल, एवढंच त्यांनी विचारलं."

मग तिने सगळं सांगितलं. मंडईजवळ तिचं 'घडण प्रकाशन' आहे. वडिलांनी सुरू केलेलं. गावांचे, कारखान्यांचे, बंद पडलेल्या उद्योगांचे इतिहास ते छापतात. अशी पुस्तकं कोण वाचतं, हा प्रश्न तिला लोक लग्नातसुद्धा विचारत. येत्या रविवारी 'चांदणीचे दिवस' हे पुस्तक प्रकाशित व्हायचं होतं. स्वारगेटच्या पलीकडे एके काळी चांदणी सोप वर्क्स नावाचा साबणाचा कारखाना होता, त्याचा हा इतिहास. कारखाना बंद पडला तेव्हा बॉयलरवर काम करणाऱ्या बाबुराव जगतापांनी त्याचा पितळी भोंगा भंगारातून सोडवून आणला आणि इतकी वर्षं घरात जपून ठेवला. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात हीच हकीकत होती. प्रकाशनाच्या वेळी जुने कामगार जमणार होते आणि त्यांच्यासमोर तो भोंगा पुन्हा एकदा वाजवायचा होता. पूर्णिमाने तो आपल्या कचेरीत आणून टेबलावर ठेवला होता. काल दुपारी ती जेवून परत आली तर टेबल रिकामं.

"कुलूप?"

"कुलूप शाबूत. किल्ली मीटरच्या पेटीमागे असते." ती थोडी ओशाळली. "बाबांच्या काळापासून तिथेच असते. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे."

मोघे मात्र भोंगा हा शब्द ऐकल्यापासून दुसरीकडेच पोचले होते. त्यांचं लहानपण टिळक रस्त्यावर गेलं. सकाळी आई चुलीपाशी असायची आणि दक्षिणेकडून चांदणीचा भोंगा यायचा. आधी एक जाड आवाज उठायचा, आणि तो ठरतो न ठरतो तोच त्याच्यावर एक बारीक आवाज चढायचा. दोघं मिळून थांबायचे. मग आई म्हणायची, ऊठ, शाळेचं पाणी तापलंय. वारा तिकडून असला तर साबणाचा वासही यायचा, हिरव्या वडीचा. हे त्यांनी पूर्णिमाला सांगितलं, अगदी सविस्तर, आणि तिचे डोळे भरून आले.

सत्यशीलाबाईंनी एवढंच म्हटलं, "चला, जागा बघू."

---

घडण प्रकाशन भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तळाशी एक लाकडी फळी होती आणि वर पाटी: 'जुनी मासिके व पुस्तके. न्यावीत. परत आणल्यास आनंद, न आणल्यास आश्चर्य नाही.' फळीवर 'पुणे जिल्ह्यातील वीटभट्ट्या, खंड पहिला' या जाडजूड पुस्तकाच्या कोऱ्या प्रती नीट रचून ठेवल्या होत्या. मोघ्यांना फुकट मिळणाऱ्या पुस्तकाचा मोह आवरत नसे. त्यांनी एक प्रत काखेत मारली.

जिन्याची प्रत्येक पायरी करकरत होती. खालचे भांडीवाले दुपारी दुकानाचं दार लोटून आतच आडवे होत. सत्यशीलाबाईंनी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी झोपमोडीचा राग अजून मनात ठेवूनच सांगितलं, की काल दुपारी कुणीतरी वरखाली करत होतं. दोन-तीनदा तरी. पाऊल हलकं होतं, नाहीतर उठून पाहिलं असतं.

"जड काही घेऊन कुणी उतरलं?"

"बाई, या जिन्यावरून रिकामं माणूस उतरलं तरी आमच्या पातेल्या वाजतात. त्या भोंग्याचं वजन दोन भरल्या कळशांएवढं. तो उतरला असता तर मी झोपेत नसतो."

वर दोन खोल्या होत्या. पुढे कचेरी, मागे गोदाम. गोदामात छतापर्यंत खोकी होती. न खपलेल्या पुस्तकांची, पूर्णिमाने सांगितलं. तिकडे वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. सत्यशीलाबाईंनी दारात उभं राहून आत नजर फिरवली आणि त्या परत फिरल्या. पुढच्या खोलीत भिंतीवर कारखान्याचा एक मोठा केलेला फोटो होता. उंच छपरावर भोंगा म्हणजे एक काळा ठिपका दिसत होता.

"याहून जवळचा फोटो नाही?"

नव्हता. त्या छपरावर कोण चढणार, पूर्णिमा म्हणाली. बाबुरावसुद्धा खालून साखळी ओढायचे.

तेवढ्यात शुभंकर आला. हा तरुण इंजिनियर. त्याचं भोसरीला छोटं वर्कशॉप होतं आणि जुनी यंत्रं दुरुस्त करण्याचा नाद होता. भोंगा वाजवण्याची कल्पना त्याचीच. वाफ नव्हती, तेव्हा तो कॉम्प्रेसरच्या हवेवर वाजवणार होता.

"तुमच्या हातून मोडला वगैरे असेल," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि ते लपवायला तुम्ही तो उचलला असेल."

शुभंकरचा चेहरा लाल झाला, पण तो भांडला नाही. "मॅडम, त्यात मोडण्यासारखं काही नाहीच. एकदम सिंपल पीस आहे. खाली वाटी, वर एक उलटी घंटा, आत पूर्ण पोकळ. मी फक्त घासून साफ केला. आणि गेल्या रविवारी ट्रायल घेतली तेव्हा मस्त वाजला. एकदम क्लिअर, एकच सणसणीत सूर."

"ट्रायलला कोण होतं?"

"बाबुरावकाका आणि काकू. पूर्णिमाताईला यायला जमलं नाही. काकांना ऐकू येत नाही ना, त्यांनी भोंग्यावर तळहात ठेवला. मी व्हॉल्व्ह उघडला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. खूप वेळ हात काढेनात. परत जाताना काकू चहासुद्धा नको म्हणाल्या."

"तुमचा जन्म कधीचा?"

"कारखाना बंद पडल्यानंतरचा," शुभंकर म्हणाला. "म्हणून तर मला ऐकायचा होता."

निघताना सत्यशीलाबाईंनी पूर्णिमाला विचारलं, की कार्यक्रमात अलीकडे काही बदल झाला का. पूर्णिमाने आठवून सांगितलं, की फारसा नाही. फक्त बाबुरावांनी दोन शब्द बोलायला वेळ मागितला होता, सोमवारी तिच्या घरी येऊन. जन्मात कधी व्यासपीठावर न चढलेला माणूस. आणि भोंगा वाजण्याआधीच बोलायचं, असा त्यांचा हट्ट होता.

---

पुस्तकाचे लेखक रंगराव निंबाळकर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी दार उघडल्या उघडल्या सांगून टाकलं, की भोंगा गेला याचं आपल्याला दुःख नाही. प्रकाशन समारंभ म्हणजे सर्कस नव्हे. पूर्णिमाला आपण हे तोंडावर सांगितलं होतं.

"म्हणजे तो नाहीसा झाला तर तुम्हाला बरंच."

"बाई, मला एखादी गोष्ट नको असेल तर मी पत्र लिहितो. तीन पानी. चोरी करायला जिने चढावे लागतात, आणि माझे गुडघे गेले आहेत."

ते खरं होतं. दारापर्यंत येतानाही त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता. पण चांदणीचा विषय निघताच म्हातारा बदलला. कामगारांनी त्यांना सांगितलेलं ते सांगत सुटले: साबण शिजताना कढईवर येणारी साय, पॅकिंग खात्यातल्या बायकांची गाणी, दिवाळीला मिळणारी उटण्याची खास वडी. भोंग्याला कामगार 'जोडी' म्हणायचे, हेही त्यांनीच सांगितलं. जोडी वाजली, चला. जोडी अजून वाजायची आहे, थांबा.

"का म्हणायचे?" मोघ्यांनी विचारलं.

"कुणाला सांगता आलं नाही. इतक्या वर्षांत नावाचा अर्थ कोण विचारतो? मी तसंच छापलं."

संस्थापकांचा नातू राकेश याची कचेरी स्वारगेटला, काचेच्या इमारतीत. कारखान्याच्या जागेवर त्याने घरांची मोठी वसाहत उभी केली होती, आणि प्रवेशद्वाराशी लावायला त्याला तो भोंगा हवा होता. पूर्णिमाने दिला नाही. संशय घ्यायला यापेक्षा चांगला माणूस मोघ्यांना दिसत नव्हता. राकेशने मात्र हसून खांदे उडवले.

"मी मागितला, त्या नाही म्हणाल्या, विषय संपला. चोरलेला भोंगा मी गेटवर लावणार का? उद्या सगळं पुणं सेल्फी काढेल." मग तो म्हणाला, "खरं सांगू? बाबांनी सगळं पितळ एका लॉटमध्ये भंगारवाल्याला दिलं. त्याच्या वखारीत तेव्हा निम्म्या पुण्याचे बंद कारखाने येऊन पडले होते. जगतापकाका तिथे पोचले ते महिन्याभराने. त्यांना तो सापडला, हे आमच्या घरात नेहमी नवल म्हणून सांगायचे."

---

बाबुराव आणि सुशीलाबाई पर्वतीच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत राहत. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबुराव उंच, ताठ, आणि बहिऱ्या माणसासारखे मोठ्याने बोलणारे. बॉयलरच्या धडधडीने कारखाना चालू असतानाच त्यांचे कान गेले होते. सुशीलाबाई बारीक चणीच्या, पण हात कामाचे. त्या पॅकिंग खात्यात होत्या, आणि दोघांचं लग्न तिथेच जमलं होतं. कोपऱ्यात एक रिकामा पाट होता. त्यावर भोंगा असायचा, सुशीलाबाईंनी सांगितलं. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायचे.

"माझ्या पाटल्या मोडून आणलेला हाय तो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणलं ह्यांना, जावा, आणा. कारखाना गेला, निदान आवाज तरी घरात राहू दे."

"घरात कधी वाजवला?"

"कशानं वाजवणार? तवापासून मुकाच हाय."

बाबुरावांना काय चाललंय ते कळत नव्हतं. त्यांनी बायकोला खुणेने विचारलं. सुशीलाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि ओरडून म्हणाल्या, "भोंग्याचं विचारत्यात. सापडंल म्हणत्यात. रविवार होऊन जाऊ दे, सापडंल!"

बाबुरावांनी मान हलवली, पण ती समजल्याची नव्हती. ते बराच वेळ रिकाम्या पाटाकडे पाहत राहिले, आणि मग बायकोकडे. मोघ्यांना त्या म्हाताऱ्याची कीव आली.

बाहेर पडल्यावर मोघे म्हणाले, की आपला संशय राकेशवर आहे. माणूस फार गोड बोलतो. सत्यशीलाबाईंनी मोघ्यांच्या काखेतलं पुस्तक मागून घेतलं, पहिलं पान उघडलं, आणि तिथूनच पूर्णिमाला फोन लावला.

"ह्या वीटभट्ट्या तुम्ही फुकटच्या फळीवर कधी ठेवल्या?"

पलीकडून पूर्णिमा बरंच काही बोलली. फोन ठेवल्यावर बाईंनी मोघ्यांना एवढंच सांगितलं, "तिने ठेवल्या नाहीत. त्या पुस्तकाची आशा तिने अजून सोडलेली नाही, म्हणते."

---

शनिवारी दुपारी बाईंनी सगळ्यांना प्रकाशनाच्या कचेरीत बोलावलं. राकेशला नाही. त्याची गरज नाही, म्हणाल्या. रंगराव मात्र मोघ्यांच्या खांद्याला धरून, पायरीपायरीला पुणे महानगरपालिकेचा उद्धार करत वर आले.

बाबुरावांना खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसवलं होतं आणि त्यांच्या मांडीवर 'चांदणीचे दिवस'ची पहिली प्रत दिली होती. ते फोटोंवरून बोट फिरवत होते. सुशीलाबाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत आवळलं होतं.

"मी आता हळू बोलणार आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळ्यांनी चेहरे साधे ठेवा. आपण उद्याच्या कार्यक्रमाचं बोलतोय, असं दिसू दे."

पूर्णिमाने बाबुरावांकडे पाहिलं. तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तिने हसू चेहऱ्यावर आणलं आणि ते तसंच ठेवलं.

"आधी भोंगा कुठे आहे ते सांगते. तो जिन्यावरून उतरलाच नाही. खालचे भांडीवाले दुपारी दुकानातच असतात, त्यांना फक्त हलकी पावलं ऐकू आली, आणि तीही दोन-तीनदा. एकदा चोरी करायला कुणी तीनदा वरखाली करत नाही. काहीतरी थोडं थोडं खाली नेलं गेलं. काय? तर वीटभट्ट्या. पूर्णिमाबाईंनी ते पुस्तक फळीवर ठेवलं नव्हतं. म्हणजे गोदामातलं एक खोकं कुणीतरी रिकामं केलं. खोकं रिकामं कशासाठी करतात? दुसरं काही आत ठेवायला. भोंगा उचलून नेणं त्या माणसाला जमणारं नव्हतं, पण ह्या खोलीतून त्या खोलीत ओढत नेता येत होता."

शुभंकर उठायला लागला. बाईंनी हातानेच त्याला बसवलं.

"तिथेच राहू दे. पळून जात नाही. ज्याने हे केलं त्याला भोंगा विकायचा नव्हता, मोडायचा नव्हता. फक्त रविवार टळायला हवा होता. भोंगा असण्याला त्याची हरकत नव्हती, वाजण्याला होती. का?" त्या मोघ्यांकडे वळल्या. "याचं उत्तर मोघ्यांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं."

"मी?"

"तुम्ही लहानपणी चांदणीचा भोंगा कसा ऐकलात ते सांगितलंत. एक जाड आवाज, आणि त्याच्यावर चढणारा बारीक. दोन आवाज. रंगरावांना कामगारांनी 'जोडी' हे नाव सांगितलं, ते ह्याचसाठी. आणि शुभंकर काय म्हणाला? आत पूर्ण पोकळ, एकच सूर."

खाली मंडईत कोथिंबीरवाला ओरडत होता.

मोघ्यांनी धीर करून विचारलं, की वाफेऐवजी हवेवर वाजवला म्हणून आवाज बदलला नसेल का. शुभंकरने मान हलवली. सूर थोडा वरखाली होईल, तो पुटपुटला, पण एकाचे दोन व्हायला आत दोन कप्पे लागतात. ह्यात एकही कप्पा नव्हता.

"म्हणजे हा भोंगा चांदणीचा नाही," बाई म्हणाल्या. "भंगारवाल्याच्या वखारीत निम्म्या पुण्याचे कारखाने पडले होते. महिन्याभराने आलेल्या माणसाच्या हातात त्याने जो सापडला तो दिला. बाबुरावांनी तो भोंगा छपरावर असताना जवळून कधी पाहिलाच नव्हता. घरात तो कधी वाजला नाही. उद्या वाजला असता, तर समोर बसलेल्या प्रत्येक कामगाराला एका क्षणात कळलं असतं. एका बाबुरावांना सोडून."

पूर्णिमाचं हसू ढळायला लागलं होतं. तिने पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे तोंड वळवलं.

"आता, हे आधी कुणाला कळलं? तो बाबुरावांच्या घरातून निघाल्यापासून एकदाच वाजला, गेल्या रविवारी वर्कशॉपमध्ये. शुभंकरने मूळ आवाज ऐकलेलाच नाही. बाबुरावांना ऐकू येत नाही. रंगराव आणि पूर्णिमाबाई तिथे नव्हते. राहिलं कोण?"

सुशीलाबाईंनी मान खाली घातली नाही. त्या सरळ बघत म्हणाल्या, "मी. पॅकिंगमध्ये खिडकीपाशी माझी जागा होती. तो आवाज मी मेले तरी इसरणार न्हाई. त्या पोरानं चावी फिरवली आणि मला लगीच कळलं. परक्याचा आवाज तो. आणि हे हात ठेवून रडत होते. म्हणलं, ह्यांना कशाला सांगू. सगळ्या कारखान्यात ह्यांना मान कशाचा? भोंगा सोडवून आणला त्याचा. उद्या समदे ह्यांच्यासमोर एकमेकांकडं बघणार, आणि ह्यांना कळणार पण न्हाई काय झालं ते. रविवार गेला की मीच सापडवणार होते."

काल त्यांच्या तोंडून हेच निसटलं होतं, हे मोघ्यांना आत्ता उमगलं. त्यांना वाटलं, संपलं. आता हळूच भोंगा बाहेर काढायचा, तो बिघडलाय असं शुभंकरने जाहीर करायचं, आणि म्हाताऱ्याचा मान राखायचा. रंगरावसुद्धा, जे स्वल्पविराम चुकला तरी शुद्धिपत्र मागतात, खाली बघून गप्प बसले होते.

पण सत्यशीलाबाई उठल्या आणि बाबुरावांच्या खुर्चीपाशी गेल्या. बाई वाकल्या आणि त्यांच्या कानाशी, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाबुराव, उद्या भोंग्याआधी तुम्ही काय बोलणार होतात?"

बाबुरावांनी पुस्तक मिटलं. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, बायकोकडे पाहिलं नाही.

"सांगणार होतो की हा आपला भोंगा न्हवं," ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले.

सुशीलाबाईंच्या मुठीतला पदर सुटला.

"माझं कान गेलं, हात न्हाई गेलं. बॉयलरपाशी उभा असायचो तवा साखळीतनं त्याची थरथर हातात यायची. दोन थरथरी. एक जाड, एक बारीक. कान गेल्यावर मी त्याच्यावरच कारखाना चालवला. त्या दिवशी हात ठेवला, तर एकच थरथर. मला रडू आलं ते त्याचं न्हाई. हिनं पाटल्या दिल्या होत्या. परत केल्या न्हाईत मी कधी. तिच्या पाटल्या देऊन मी दुसऱ्याचाच भोंगा घेऊन आलो. हिला कसं सांगावं, ते कळंना. म्हणून म्हणलं, लोकांसमोर सांगतो. लोकांसमोर ती मला बोलणार न्हाई."

सुशीलाबाईंनी काही ओरडून सांगितलं नाही. त्यांनी फक्त नवऱ्याचा हात आपल्या मनगटावर ठेवला, जिथे आता काचेच्या दोन बांगड्या होत्या, आणि तसाच धरून ठेवला. दोघंही कुणाकडे बघत नव्हते.

पूर्णिमा उठून मागच्या खोलीत गेली. भोंगा काढायला, असं तिने सांगितलं, पण बराच वेळ खोकं सरकवल्याचा आवाज आला नाही.

परतीच्या रिक्षात मोघ्यांनी विचारलं, की बाबुरावांना माहीत आहे हे बाईंना कधी कळलं.

"खात्री नव्हती," बाई म्हणाल्या. "पण ज्याला आपल्या भोंग्याचा अभिमान आहे तो माणूस भोंगा वाजल्यावर बोलतो. हे आधी बोलायचं म्हणत होते. आणि तो हट्ट ट्रायलच्या दुसऱ्या दिवशीचा. तिथे काहीतरी कळलं असणार. कानाने नाही, तर हाताने."

"आणि तुमचा अंदाज चुकला असता तर?"

"तर मोघे, मी आज जेवले नसते."

---

रविवारी सभागृह भरलं. काठ्या टेकत, नातवांच्या स्कूटरवर मागे बसून, चांदणीची माणसं आली होती. बायका एकमेकींना ओळखायला वेळ लावत आणि मग सोडायला त्याहून जास्त. रंगरावांनी रात्रीत एक छोटं शुद्धिपत्र लिहून दिलं होतं, आणि पूर्णिमाने ते प्रत्येक प्रतीत घातलं होतं.

बाबुराव व्यासपीठावर चढले. माईक त्यांनी बाजूला सारला. त्यांना त्याची गरज नव्हती. चांदणीचा भोंगा भंगारात गेला, ते म्हणाले. तो वितळून कुठल्या तरी नळाची तोटी झाला असेल. आपण आणला तो दुसऱ्याच कुणाचा. चूक झाली. इतकी वर्षं तुम्ही मान दिलात, तो परत घ्या.

मग पुढच्या रांगेतून कौशल्याबाई नावाच्या, पॅकिंग खात्यातल्याच एक जख्ख म्हाताऱ्या बाई उठल्या. त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "मग हा कुणाचा?"

प्रश्न बाबुरावांपर्यंत पोचायला सुशीलाबाईंना कानाशी ओरडावं लागलं.

"म्हाईत न्हाई," बाबुराव म्हणाले. "पण तोबी कुठल्यातरी कारखान्याचाच हाय. त्याच्यावरबी माणसं उठली असतील, पोरं शाळंला गेली असतील. त्यांचं पुस्तक न्हाई आलं अजून. आज त्यांच्यासाठी ऐकू."

शुभंकरने व्हॉल्व्ह उघडला.

तो आवाज मोघ्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यात आई नव्हती, हिरवी वडी नव्हती. एकटा, सरळ, अनोळखी सूर सभागृहात उभा राहिला आणि थांबला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. क्षणभराने मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, की हा नाना पेठेतल्या तेलाच्या गिरणीचा असावा. छे, दुसऱ्याने सांगितलं, गिरणीचा घोगरा होता, हा काचेच्या कारखान्याचा. तिसऱ्याचे मामा मुंढव्याला रंगाच्या कारखान्यात होते, त्याने शपथेवर सांगितलं की हा तोच. बघता बघता साऱ्या सभागृहात बंद पडलेल्या कारखान्यांची नावं घेतली जाऊ लागली, इकडून, तिकडून, एकमेकांच्या वर. कुणी वाद घालत होतं, कुणी हसत होतं.

रंगराव मोघ्यांच्या शेजारी बसले होते. इतका वेळ त्यांनी कपाळाला आठ्या घालून सगळं पाहिलं होतं. आता ते हळूहळू पुढे झुकले, कानामागे हात धरला, आणि व्यासपीठाकडे बघत म्हणाले, "अरे, पुन्हा एकदा वाजव रे."